पूर्वेचा लांडगा

सकाळी उठल्यावर माझी कॉफी नंतर, आधी अस्वलाची चिमूट. फिरोजाचं अस्वल, मुठीत मावेल एवढं, मीच घडवलेलं, पाठीवर बाणाचं टोक बांधलेलं. खिडकीत पश्चिमेकडे तोंड करून ठेवलं होतं. मक्याच्या पिठाची चिमूट त्याच्यापुढे टाकायची, चार शब्द बोलायचे आणि मग चूल पेटवायची. पश्चिम दिशा अस्वलाची, निळा रंग अस्वलाचा, हे आमच्या झुनी गावात शेंबड्या पोरांनाही पाठ असतं. माझी मर्लिंडा पश्चिमेला गेली होती, कॅलिफोर्नियात, समुद्राकाठच्या शहरात. मग तिची राखण दुसरं कोण करणार? तीन वर्षांत मी एक सकाळ चुकवली नाही. तापाने फणफणले होते तेव्हा भिंत धरून गेले, पण गेले.

दुकानात जातात ती दगडी जनावरं वेगळी. ती घडवायची, घासायची, चमकवायची आणि देऊन टाकायची. त्यांना कुणी खायला घालत नाही की त्यांच्याशी कुणी बोलत नाही. गॅलप शहरातला दुकानदार हॅस्किन्स त्यांच्याशेजारी एकेक छापील कार्ड ठेवतो. अस्वल म्हणजे ताकद, बेडूक म्हणजे भरभराट, लांडगा म्हणजे घरच्यांवर निष्ठा. एकदा मी त्याला म्हटलं, चाळीस वर्षं बेडूक घडवतेय, भरभराट नेमकी कुठल्या दारातून येते तेही छापायचं होतंस. तो खो खो हसला. त्याला हसायला काय जातंय.

माझं घर मोठं आहे. आईचं होतं, तिच्या आईचं होतं. आमच्याकडे घर बाईचं असतं, नवरा भांडला की आपलं गाठोडं उचलून बहिणीकडे जातो. माझा दोनदा गेला. दुसऱ्यांदा परत आलाच नाही आणि पुढे तिकडेच वारला. माझ्या तोंडाला कंटाळला असं लोक म्हणतात. म्हणोत. माझं तोंड मला जन्मापासून आहे, त्याने लग्नाआधी ऐकलं नव्हतं असं थोडंच आहे. पण मुलीची गोष्ट वेगळी. मला एकच मुलगी, बहीण नाही. मर्लिंडा आली नाही तर हे घर कुणाचं? माझ्यानंतर या खोल्यांत कोण झोपणार, भट्टीत भाकर कोण लावणार? पाच खोल्यांपैकी तीन मी बंद करून टाकल्या होत्या. एकटीचा स्वयंपाक करायचाही कंटाळा येतो, पण मी मटणाचं कालवण अजून मोठ्या पातेल्यातच करते. लहान पातेलं काढायला हात होत नाही. मग तेच कालवण चार दिवस खायचं.

ती दर रविवारी फोन करायची. दहा मिनिटं, कधी बारा. मी समुद्राचं विचारायची. आमच्या म्हाताऱ्यांना समुद्राचं पाणी किती पवित्र, ते तिला सांगायला नको होतं. लाटा कशा येतात, रंग कसा असतो, सगळं ती सांगायची. एक बाटली भरून पाठव गं, म्हटलं की टपालात फुटेल म्हणायची. वर्षभर ती बाटली फुटतच होती. तरी मला शंका आली नाही. उलट मीच गावभर समुद्र वाटत सुटले. पोस्टात, म्हाताऱ्यांच्या जेवणघरात, सणाच्या भाकरी करायला बायका जमल्या की तिथे. आमची मर्ली रोज लाटा बघत कामाला जाते, हे ज्याने ऐकलं नाही असा माणूस झुनीत उरला नसेल. बायका कणीक मळत मान डोलवायच्या. मला वाटायचं, जळतायत.

माझा धाकटा भाऊ वेल्डन व्हॅन चालवतो. ज्यांचं रक्त मशीनवर धुवावं लागतं त्यांना मंगळवारी आणि शुक्रवारी अल्बुकर्की शहरातल्या दवाखान्यात नेतो आणि संध्याकाळी परत आणतो. अडीच तास जायला, अडीच तास यायला. बायको आहे, पण तिच्या हाताला चव नाही, म्हणून माझ्याकडे जेवायला येतो. तोंडाने गरीब माणूस. मी बोलायचं आणि त्याने ऐकायचं, असं आमचं लहानपणापासून चालत आलंय.

ऑक्टोबरातली गोष्ट. डोंगरातल्या पिनॉन झाडांच्या बिया वेचून झाल्या होत्या, बोटांना अजून चीक होता. त्या दिवशी तो सकाळीच आला, भाकर न्यायला. मी खिडकीपाशी होते, चिमूट हातात. माझं बोलून होईपर्यंत तो दारात टोपी काढून उभा राहिला. मग टेबलाशी बसला, मी कालवण वाढलं, आणि हा चमचा उचलेना.

"ताई," तो म्हणाला, "त्याला तिकडे नको पाठवत जाऊस."

"कुणाला?"

"अस्वलाला. मर्ली तिकडे नाही." त्याने हनुवटीने दाराकडे, उगवतीकडे दाखवलं. "इकडे आहे. अल्बुकर्कीत. पहिल्या दिवसापासून."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, अल्बुकर्कीला कुठे समुद्र आहे? हे मी खरंच म्हटलं. त्याने मान खाली घातली.

हळूहळू त्याच्याकडून सगळं काढलं. खोटे दात बनवायच्या कारखान्यात काम करते. दवाखान्याच्या मागच्या रस्त्यावर आहे. तो रोग्यांना सोडतो आणि दुपारी कधी कधी तिच्याबरोबर जेवतो. मामा-भाची मजेत बसून सँडविच खातात. तीन वर्षं. आणि इथे येऊन माझं कालवण ओरपायचं आणि माझ्या तोंडून समुद्र ऐकायचा. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी त्याच्यापुढची वाटी उचलून घेतली. म्हटलं, ऊठ. तो उठला. दारापर्यंत गेला आणि मग मीच ओरडले, थांब, आणखी कुणाकुणाला माहीत आहे?

त्याने टोपी डोक्यावर घातली.

"वेल्डन."

"ताई, अर्धं गाव महिन्यातून एकदा तिकडे जातं. बाजाराला जातात, दवाखान्यात जातात. ती काही लपून राहत नाही."

म्हणजे त्या कणीक मळणाऱ्या बायका. पोस्टातली ती. सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे मूग गिळून बसले होते, माझ्यासमोर माना डोलवत. माझ्या तोंडाला कोण लागणार म्हणून. मी खाली बसले. एखाद्या बाईने, एकीने तरी मला बाजूला घेऊन सांगायला नको का? इतकी का मी वाईट आहे?

"मग आजच का सांगितलंस?" मी विचारलं.

त्याने खिडकीतल्या अस्वलाकडे पाहिलं. "तुझ्याशी खोटं बोललो ते मला पचलं असतं," तो म्हणाला. "तू माणूस आहेस, चिडशील आणि विसरशील. पण ते रोज निघतं बिचारं. तू पाठवतेस, ते जातं. तिकडे कुणी नाही. आणि पोरगी इकडे बिनराखणीची. आता नाही बघवत मला."

त्याचं खरं होतं. तीन वर्षांच्या सकाळी मी उलट्या दिशेला धाडल्या होत्या. पोरीने मला शेंडी लावली, ते मी एक वेळ सोसलं असतं. पण या लबाडीत तिने अस्वलालाही ओढलं होतं, आणि तिला ते माहीतसुद्धा नव्हतं. मी कधी सांगितलंच नव्हतं की मी रोज त्याला खायला घालते. असलं काही फोनवर बोलायची मला सवय नाही.

"का पण?" मी म्हटलं. "अल्बुकर्की म्हणाली असती तर मी काय खाल्लं असतं तिला?"

"अल्बुकर्की म्हणाली असती तर तू दुसऱ्या दिवशी माझ्या व्हॅनमध्ये बसली असतीस." जायला निघाला तेव्हा पाठमोराच म्हणाला, "आणि ताई, का ते तुला माहीत आहे."

माहीत होतं. आता सांगायलाच बसलेय तर तेही सांगते.

मर्लिंडाने तेराव्या वर्षी हातात दगड घेतला. मागच्या खोलीत माझ्या दगड घासायच्या चाकाशेजारी तिचं चाक. सुरुवातीला सगळ्या पोरांचे होतात तसेच तिचे अस्वलाचे बटाटे झाले आणि मी पोटभर हसून घेतलं. मग एके दिवशी तिने एक बिज्जू केला, बीळ उकरणारं ते जनावर, तांबड्या दगडाचा. मी हातात घेतला आणि हसायचं विसरले. तिची जनावरं मान जराशी वळवून बघायची, कुणीतरी मागून हाक मारल्यासारखी. असं मी तिला शिकवलं नव्हतं. मला येतच नव्हतं, शिकवणार कुठून?

हॅस्किन्सला ती जनावरं दाखवली तर तो म्हणाला, छान आहेत, पण नाव नसलेल्या पोरीची कोण घेतं. मग मी त्या बिज्जूच्या पोटावर माझ्या नावाची दोन अक्षरं कोरली आणि त्याने घेतला. मर्ली तिथेच उभी होती. मी तिला म्हटलं, तुझं नाव होईपर्यंत. नाव होईपर्यंत म्हणता म्हणता नऊ वर्षं गेली. पोटावर माझी अक्षरं असली तर तिचं नाव होणार कसं, हे काही माझ्या लक्षात आलं नाही असं नाही. ती घडवायची, मी शेवटचा हात फिरवायची, उलटं करायची आणि कोरायची. आधी आधी ती बघायची. मग बघेनाशी झाली. मागच्या खोलीत दोन चाकं चालू असायची आणि बोलणं काही नाही. मला वाटायचं, कामात आहे.

नवव्या वर्षी गॅलपच्या मेळ्यात तिच्या लांडग्याला पहिल्या नंबरची निळी फीत मिळाली. म्हणजे माझ्या. नाव माझं पुकारलं. आता नाव माझं पुकारल्यावर मी नाही जाणार तर कोण जाणार? गेले, फीत लावून घेतली, फोटोला उभी राहिले. कुणीतरी विचारलं, ही मान अशी वळवायची कल्पना कशी सुचली? मी म्हटलं, दगडच सांगतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मर्ली गर्दीत माझी पर्स धरून उभी होती. तिच्याकडे बघायचं मी टाळलं, म्हणून तिचा चेहरा कसा होता ते मला सांगता येणार नाही. त्याच आठवड्यात ती गेली. कॅलिफोर्नियात काम मिळालंय, एवढंच म्हणाली. मीही अडवलं नाही. म्हटलं, जा, येशील चार दिवसांत.

तर वेल्डनने सांगितल्यावर चार-पाच दिवस मी घरात नुसतीच फिरत होते. रविवारी फोन वाजला, तो उचलला नाही. काय बोलणार? समुद्र कसा आहे म्हणून विचारू? फोन वाजायचा थांबला आणि घर इतकं गप्प झालं की मी उगाच नळ सोडून ठेवला. त्या आवाजात तरी बसता येईल म्हणून.

मग मी मागच्या खोलीत गेले आणि तिचा खण उघडला. त्यात पोलिश पेपरचे तुकडे होते, कोरायची एक तुटकी सुई होती, आणि तळाशी फडक्यात गुंडाळलेला एक लांडगा. पांढरा संगमरवर. अर्धवट टाकलेला, पाय मोकळे झालेले, शेपूट अजून दगडातच, पण मान मात्र वळलेली. पूर्व दिशा लांडग्याची, पांढरा रंग लांडग्याचा. मला वेगळं काही सांगायला लागलं नाही. हा पुरा करायचा आणि तिला नेऊन द्यायचा. तिचाच आहे. राखण करील तिची, बरोबर दिशेला.

माझे हात आता पूर्वीचे नाहीत. अंगठ्याचा सांधा सकाळी लवकर उघडत नाही. तीन आठवडे लागले. शेपूट मोकळं केलं, बाकी अंग घडवलं, मान सोडून. मानेला मी चाक लावलं नाही, कारण तिथे माझं काही काम नव्हतं. मग जाड पेपरने घासलं, मग बारीक, मग त्याहून बारीक, पाण्यात बुडवून बुडवून, दगड ओठांना लावला तर टोचू नये इतकं. डोळे काळ्या दगडाचे बसवले. ते दिवस बरे गेले. खोलीत चाकाचा आवाज होता आणि मी तिच्याशी बोलत होते, म्हणजे लांडग्याशी. अगं, इथे किती खोल ठेवलंस, अगं, हा पंजा बघ. बाहेरून कुणी ऐकलं असतं तर म्हटलं असतं, ल्युएलाला लागला म्हातारचळ.

शेवटच्या दिवशी तो चमकवला. उजेडात धरला. सुंदर झाला होता, अगदी खरं सांगते. मग उलटा केला, फुंकर मारून धूळ उडवली, आणि सुई घेऊन पोटावर माझी दोन अक्षरं कोरली.

कोरून झाल्यावर मी त्यावर अंगठा फिरवला, नेहमी फिरवते तसा. आणि तेव्हा मला कळलं मी काय केलं ते.

शपथेवर सांगते, मनात काही नव्हतं. हाताने केलं. पण हाताला तरी कुणी शिकवलं? पहिल्यांदा वाटलं घासून टाकावं. पाच मिनिटांचं काम, पोट गुळगुळीत, तिला कधी कळणारही नाही. चाक चालूही केलं. मग बंद केलं. गुळगुळीत पोट बघून तिला वाटलं असतं, आई सुधारली. मी कुठली सुधारतेय. एवढी वर्षं लपवालपवी झाली तेवढी पुरे, असं वाटलं. तो तसाच फडक्यात बांधला.

शुक्रवारी मी व्हॅनमध्ये बसले. माझ्याबरोबर चार रोगी, चौघे ओळखीचे. कुठे निघालीस ल्युएला, असं कुणी विचारलं नाही, त्यावरून समजून गेले की वेल्डनने सांगितलंय. वाटेत पहाटेचं तांबडं फुटलं तरी एक शब्द नाही. एरवी मी अडीच तासांत व्हॅनमधल्या प्रत्येकाच्या घराण्याचा उद्धार केला असता.

कारखाना म्हणजे दुकानांच्या रांगेतली एक लांब खोली, समोर काच. बाहेर सिमेंटचा बाक. वेल्डन आत जाऊन सांगून आला आणि व्हॅन घेऊन गेला. ती साडेअकराला बाहेर आली. निळा एप्रन, आणि केसांत पांढरी धूळ, घरी असायची तशीच. जरा बारीक झालीय. मला उठून तिला जवळ घ्यायचं होतं, पण तिने हात एप्रनच्या खिशात घातले होते. मग मी बसूनच राहिले.

"अर्धा तास आहे मला," ती म्हणाली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

मी विचारलं, दात कसे करतात. काहीतरी बोलायला हवं होतं. तिने सांगितलं, चाक आपल्यासारखंच, फक्त बारीक. पदार्थ कडक असतो, पण दगडासारखा दगा देत नाही. मालक चांगला आहे. मी म्हटलं, हे कसलं काम, लोकांच्या तोंडात जायचं, कुणाला दिसायचंही नाही.

"बरं आहे की," ती म्हणाली. "दातावर कुणी नाव घालत नाही."

मी फडकं सोडलं आणि लांडगा तिच्या हातात दिला. तुझ्या खणात होता, म्हटलं. पूर्वेचा आहे. तू पूर्वेला आहेस म्हणून. तिने तो ओळखला. बोटं आधी मानेवर गेली, मानेला कुणी हात लावलाय का ते बघायला, मग शेपटीवर. चेहरा जरा सैल झाला. तेवढाच क्षण. मग आमच्यातला कुणीही करील तेच तिने केलं. उलटा केला.

तिला अक्षरं दिसली.

"हे कधीचं?"

"गेल्या आठवड्यातलं."

"गेल्या आठवड्यातलं," ती म्हणाली. आवाज चढला नाही. चढला असता तर मला सोपं गेलं असतं, भांडता येतं मला.

"हाताने झालं," मी म्हटलं. "घासणार होते. मग म्हटलं, तुला दिसू दे. मर्ली, ऐक. हॅस्किन्स घेत नव्हता म्हणून मी नाव घालत होते असं मी सगळ्यांना सांगितलं. तुला सांगितलं, स्वतःला सांगितलं. पहिला बिज्जू असेल त्याच्यासाठी. नंतरचे नाही. नंतर तो तुझ्या नावाचे घ्यायला तयार होता. त्याने मला दोनदा विचारलं, पोरीचं नाव घालू या का म्हणून. मी नको म्हटलं."

तिने माझ्याकडे पाहिलं. हे तिला माहीत नव्हतं.

"का?"

"माझ्यापेक्षा चांगले होते म्हणून," मी म्हटलं. "चाळीस वर्षं घासतेय मी, माझ्या एकाही जनावराने कधी मान वळवली नाही. तुझे बघितले की वाटायचं, हे माझे असायला पाहिजे होते. आणि सुई हातात होती. चुकलं माझं."

हे वाक्य मी आयुष्यात कुणाला म्हटलं नव्हतं. नवऱ्याला नाही, आईला नाही. जड जाईल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. बोलून झालं आणि रस्त्यावरून गाड्या जात राहिल्या.

ती लांडग्याच्या पोटावरून अंगठा फिरवत होती. मग तिचे डोळे भरले आणि तिने ते एप्रनने पुसले नाहीत, तसेच राहू दिले.

"हे तू तेव्हा म्हणाली असतीस ना," ती म्हणाली, "तर मी सगळ्यांवर तुझंच नाव राहू दिलं असतं, आई."

आत कुणीतरी काचेवर टकटक केलं. ती उठली. पाच वाजायच्या आत एक जबडा द्यायचाय, म्हणाली. लांडगा तिच्या हातातच होता. परत दिला नाही, आणि ठेवते असंही म्हणाली नाही. दाराशी जरा थांबली, मला वाटलं काही बोलेल, पण दार जड होतं, ते खांद्याने ढकलायला थांबली होती. काचेतून दिसलं, ती आपल्या जागी बसली, दिवा ओढून घेतला, लांडगा दिव्याखाली उलटा धरला आणि दुसऱ्या हाताने बारीक चाक उचललं. पुढे तिने काय केलं ते बघायला मी थांबले नाही. बाक सोडला आणि रस्त्याच्या टोकाशी जाऊन उभी राहिले. तिथे ऊन होतं, पण वारा फार होता. व्हॅन यायला चार तास होते.

परतताना रोगी दमलेले होते, बसल्या बसल्या त्यांनी डोळे मिटले. वेल्डनने मला पुढे बसवलं. शहर मागे पडलं. मग म्हणाला, घेतला का? मी म्हटलं, हातात होता. रागावली का? म्हटलं, नाही. बोलली का मग? म्हटलं, बोलली. डोंगर लागले तसा त्याला धीर निघेना.

"घरी कधी येते म्हणाली?"

"विचारलं नाही."

"अडीच तास जाऊन तेवढंच विचारलं नाहीस? त्याच्यासाठीच तर गेली होतीस तू."

"त्याच्यासाठीच गेले होते," मी म्हटलं. "पण विचारलं असतं तर तिने काहीतरी सांगितलं असतं. हिवाळ्यात येते, सणाला येते. मी तीन खोल्या उघडल्या असत्या आणि गावभर सांगत फिरले असते. आता ती येणार नसेल, तर निदान मला खोटं तरी बोलली नाही."